पाय गरम झाले, तेव्हा

माझे यजमान एसटीत ड्रायव्हर. बारा वर्षं कोल्हापूर-मलकापूर गाडीवर होते. मग हृदयाचे स्नायू इतके थकले, की चप्पल घालायला वाकले तरी धाप लागायची. हृदय बदलावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. आम्ही यादीत नाव घातलं, आणि पाच महिन्यांनी एका अनोळखी घराने आपल्या दुःखात आमच्यासाठी होकार दिला.

ऑपरेशन छान झालं. "नवीन हृदय पहिल्या ठोक्यापासून मस्त चाललंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सासूबाईंनी तिथंच माझ्या तोंडात पेढा कोंबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला मास्क वगैरे घालून आत सोडलं. ते अजून गुंगीतच होते, तोंडात नळी. मी पायाला हात लावला. दोन वर्षं गारठलेले ते पाय चक्क गरम! गालांवर लालीसुद्धा. बाहेर येऊन मी सासूबाईंना सांगितलं. आम्ही दोघी हसलो, थोडं रडलो.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. त्या काही हसत नव्हत्या.

"पाय गरम आहेत, तीच अडचण आहे," त्या म्हणाल्या. "हृदय जोमात आहे, पण अंगातल्या रक्तवाहिन्या ढिल्या पडल्यात. ताणच धरत नाहीत. त्यामुळे बीपी टिकत नाही. असंच राहिलं तर किडनीला, मेंदूला रक्त कमी पडेल."

ज्या गोष्टीवर मी पेढे वाटायला निघाले होते, तीच जिवावर उठलेली.

"दोन औषधं भरपूर चालू आहेत," त्या म्हणाल्या. "आता तिसरं देतो. निळं असतं ते."

"निळं द्या, हिरवं द्या, कसलं बी द्या," सासूबाई म्हणाल्या, "पर माझ्या पोराला उठवा की!"

काचेतून मशीनवरचे आकडे दिसत होते. बीपीचा वरचा आकडा बहात्तर. नर्सनं शाईसारखं निळंभोर औषध लावलं, आणि ऑक्सिजनचा आकडाच धाडकन खाली आला. मी ताडकन उठले. नर्सनं बाहेर डोकावून सांगितलं, "वहिनी, बसा. औषधाच्या रंगानं मशीन फसतंय. ऑक्सिजन चांगला आहे."

मग बीपी हळूहळू चढायला लागलं. शहात्तर. एक्क्याऐंशी. सासूबाईंना आकडे दिसत नव्हते. त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, "किती झालं ओ?" फरशी पुसणाऱ्या मावशींनाही विचारलं. शेजारच्या बाकावरच्या पावण्यांना तर कामालाच लावलं. तेच काचेजवळ उभे राहून ओरडले, "आजी, अठ्ठ्याण्णव!"

दुपारी मी पुन्हा पायाला हात लावला. आता तो बेताचाच कोमट होता. नवऱ्याचा पाय जरा निवला म्हणून एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तोंडातली नळी निघाली. घसा बसलेला. पाणी मागतील असं वाटलं. पण त्यांची नजर पलंगाला लटकवलेल्या लघवीच्या पिशवीवर गेली. निळ्या औषधानं ती हिरवीनिळी झाली होती.

"हे माझं हाय?"

"व्हय, तुमचंच."

"अगं, मग माझ्यात रॉकेल कुणी भरलं?"

नर्स इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं. मी मात्र तिथंच उभी राहून रडत होते, पोटभर.

आता ते गाडी चालवत नाहीत. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतात आणि मास्कमधूनही सगळ्या फलाटांना ऐकू जाईल असं बोलतात. गेल्या महिन्यात आम्ही नृसिंहवाडीला गेलो. ज्या घराचं हृदय आमच्या घरी आलं, त्यांचं नाव आम्हाला कधीच कळणार नाही, म्हणून सासूबाईंनी नुसतं "त्या माऊलीच्या लेकरासाठी" म्हणत नदीत दिवा सोडला. मग घाटाच्या पायऱ्या चढताना त्या आणि मी मध्येच टेकलो. हे वर जाऊन उभे होते, कमरेवर हात ठेवून.

"चला की लवकर," वरून आवाज आला. "बासुंदी संपंल!"