दुखरा खांदा

आमच्या गिरणीच्या बेसबॉल संघाचा मुख्य पिचर मी होतो. अंतिम सामन्याच्या शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका धावेने पुढे होतो, पण महूवाल्यांचे खेळाडू तिन्ही बेसवर उभे होते आणि एकही बाद झालेला नव्हता. मी खांदा धरून खाली बसलो. माझ्या जागी आलेल्या नवख्या पिचरने ओळीने तिघांना बाद केलं आणि आम्ही जिंकलो. कौतुक मात्र माझं झालं. भिया, म्हणजे आपला भाऊ, दुखऱ्या खांद्याने इतका वेळ खेळला म्हणे! खरं सांगतो, खांदा ठणठणीत होता. मी घाबरलो होतो.

चाळीसेक वर्षांनी, गेल्या रविवारी, सुदामा नगरात त्या वेळच्या नवख्या पिचरच्या घरी जाऊन मी हे कबूल केलं. पोह्यांवर शेव घालता घालता तो हसायला लागला.

“दादा, तुम्ही डावखुरे, आणि धरला होता उजवा खांदा! मी तेव्हाच ओळखलं.”

“मग बोलला का नाहीस?”

“पागल आहे का मी? बोललो असतो तर तुम्ही बॉल परत घेतला असता. अख्खा सीझन बाकावर बसून काढला होता मी!”