टोकन नंबर तीनशे पाच

वच्छलाबाईशी गोड बोलणारं माणूस चिखल्याकडच्या त्या खाण-कॉलनीत एकही नव्हतं, आणि तिला त्याची काडीची पर्वा नव्हती. एचआयव्हीच्या तपासणीसाठी घरोघर फिरणारी बाई ती. ती दिसली की लोक आतून कडी लावायचे. ही बाहेर उभी राहून कडी वाजवत राहायची. "मरायचं असन तं मर, पण मालूम करून मर," असं तोंडावर सांगायची, आणि समोरचा हो म्हणेपर्यंत उंबऱ्यावरून हलायची नाही. अशानं दहा वर्षांत कॉलनीतली निम्मी बोटं तिनं टोचली होती.

हा हेका कुठून आला ते कोणाला ठाऊक नव्हतं. तिचा नवरा यादोराव खाणीत होता. टीबीनं गेला असं सगळे म्हणायचे, आणि ती म्हणू द्यायची. खरं म्हणजे त्याला एचआयव्ही होता. गोळ्या वेळेवर घ्यायचा, तरी वाळत गेला. या विषाणूचे दोन प्रकार असतात, यादोरावच्या रक्तात दोन्ही होते, आणि त्याला मिळणाऱ्या गोळ्यांतली एक दुसऱ्या प्रकारावर चालतच नाही, हे तो गेल्यावर कळलं. तेव्हा कळून काय डोंबलाचा उपयोग? वच्छलाबाईच्या रक्तातही दोन्ही निघाले. तिला नव्या गोळ्या लागू पडल्या, ती ठणठणीत राहिली. भंडाऱ्याहून गोळ्या आणायची आणि शुगरच्या म्हणून सांगायची. अकरा वर्षं तिनं कोणाला पत्ता लागू दिला नाही.

म्हणूनच मोठ्या शहरातले डॉक्टर पाहणीला आले तेव्हा रक्त गोळा करायला तीच सगळ्यांच्या पुढे झाली. कोणाला एकच प्रकार आहे, कोणाला दोन्ही, आणि कोणाचा विषाणू कोणाच्या विषाणूच्या नात्यातला, हे ते रक्तावरून शोधणार होते. रक्ताच्या नळीवर नाव लिहू नका, नंबर लिहा, एवढंच त्यांनी बजावलं. वच्छलाबाईनं खाणीतला टोकन नंबर लिहिला. खाणीत उतरताना माणूस आपलं टोकन घेतो, वर आला की परत करतो, आणि तोच नंबर रेशनच्या रांगेपासून लग्नातल्या आहेराच्या पाकिटापर्यंत सगळीकडे चालतो. बायकांना नवऱ्याचा नंबर, पुढं 'ब'. नाव झाकलं की झालं, असं तिला वाटलं. आता याला काय म्हणावं? ज्या कॉलनीत रामलाल तीन आहेत पण दोनशे चौदा एकच आहे, तिथं नंबर लिहिणं म्हणजे फोटो चिकटवणं. जन्मभर दुसऱ्याची अक्कल काढणाऱ्या बाईला एवढं सुचू नये?

वर्षभरानं डॉक्टर जीप घेऊन परत आले. क्लबच्या हॉलमध्ये सभा भरली. "काळजी करू नका, यात कोणाचंच नाव नाही," असं हसत सांगून त्यांनी भिंतीवर चित्र पाडलं. झाडासारखं, आणि फांद्यांच्या टोकांना नंबर. दोन्ही प्रकार असलेले तीन नंबर एकाच फांदीवर होते. २१४. १८७-ब. ३०५-ब.

बंद करा म्हणायला वच्छलाबाई उठली, तोवर मागून आवाज आलाच. "दोनशे चौदा म्हंजे आपला तुलाराम." दुसरा म्हणाला, "अन् एकशे सत्त्याऐंशी ब तं दामिनी होय."

दामिनीचा नवरा खाणीत छत कोसळून गेला होता. माहेर तुटलेलं. दिराच्या घरात, आठ वर्षांच्या मनालीला घेऊन ती मान खाली घालून राहायची. दीर धर्मेंद्र उठून तिच्यासमोर उभा राहिला.

"तुलारामसंग कवापासून चालू होतं? आजच्या आज घर खाली कर. पोरगी इथंच राहीन."

डॉक्टर सांगायला लागले की एका फांदीवर असणं म्हणजे एकमेकांकडून लागण होणं नव्हे, मधली कितीतरी माणसं तपासलेलीच नसतात. कोण ऐकतो? भिंतीवर एक चप्पल येऊन आदळली. डॉक्टरांनी सामान गुंडाळलं आणि जीप सुरू केली. एवढा शिकलेला माणूस, आग लावून दिली आणि मोकळा झाला.

तीनशे पाच हा जुना नंबर, कोणाचा ते आता कोणाला आठवत नव्हतं. वच्छलाबाई गप्प बसली असती तर तिच्या केसालाही धक्का लागला नसता. पण धर्मेंद्रनं मनालीचा दंड धरला आणि वच्छलाबाईचं डोकं फिरलं.

"तिसरा नंबर कायले नाही विचारत कोणी? तीनशे पाच यादोरावचा. ब म्हंजे मी. अकरा वर्षं झाली, मले दोन्ही हायेत. आता बोला, पन्नाशीतली बाई मी बी तुलारामसंग होती का? थोडं अकलेनं बोला."

धर्मेंद्रनं मनालीचा दंड सोडला. तिला वाटलं, जिंकली. तेवढ्यात तुलारामची बायको सुलोचनाबाई उभी राहिली. मघापासून तिचाच संसार सभेत उघडा पडला होता, आणि आता तिला धरायला काहीतरी सापडलं.

"म्हंजे हिच्याच रक्तात होतं. अन् हे बाई आमच्या बोटात सुया टोचत फिरून राहिली होती."

सगळ्या माना वळल्या. धर्मेंद्रनं दामिनीला विचारलं, "तुले हिनंच टोचलं होतं?"

दामिनीला सगळं माहीत होतं. सुई दर वेळी नवी, डोळ्यांदेखत पाकीट फोडून काढलेली. त्याच्या आधी महिनाभर ती तापानं अंथरुणाला खिळली होती, म्हणून तर तपासणी केली. आणि दवाखान्यात तिला धरून नेलं होतं ते वच्छलाबाईनंच. दामिनीनं मनालीला जवळ ओढलं.

"हो," ती म्हणाली. "यायनंच टोचलं. त्याच्या आधी मी चांगली होती."

वच्छलाबाईच्या अंगाची लाही लाही झाली. कृतघ्न मेली, हिच्यासाठी मी तोंड उघडलं. तापाची तारीख, दवाखान्याची चिठ्ठी, सगळं तिच्या जिभेवर होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण ते वाक्य बोललं की दामिनी पोरीशिवाय रस्त्यावर. आणि नाही बोललं तर या कॉलनीत पुन्हा कोणी बोट पुढं करणार नाही, तेही तिला कळत होतं. दात आवळून ती खाली बसली.

"चाल घरी," धर्मेंद्र दामिनीला म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता.

मंगळवारी वच्छलाबाई अंगणवाडीच्या ओट्यावर तपासणीची पेटी उघडून बसली. दुपारपर्यंत कुत्रंसुद्धा फिरकलं नाही. शाळा सुटल्यावर दामिनी मनालीला घेऊन आली, आणि ओटा दिसताच रस्त्याच्या पलीकडच्या कडेला गेली.

"आई, तुले बिमार केलं ते बाई हेच ना?" मनालीनं विचारलं.

"हो," दामिनी म्हणाली. "तिच्याकडे पाहू नोको."