डिकीतला रेडिएटर

त्याला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव ताईनं ठेवलेलं, तो चार वर्षांचा असताना. आता तो पन्नाशीला टेकला होता, कपाळावरचे केस बरेच मागे सरकले होते, पण नाव काही जागचं हललं नव्हतं. रेडिएटर दुरुस्तीचं त्याचं चिंचोळं दुकान होतं. पुढे पत्र्याचं शटर, आत पाण्याचा हौद. रेडिएटर हौदात बुडवायचा, त्यात हवा मारायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचं. बुडबुडा सापडला की स्वारी खूश. पण बसून जेवणं त्याला कधी जमलं नाही. हातात घास घेऊन तो शटरपर्यंत जाऊन यायचा.

"अहो, एका जागी बसा की," डबा घेऊन आलेली बायको म्हणायची. "मला मान फिरवून फिरवून दुखायला लागली."

त्या आठवड्यात तर त्यानं ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. कारण तीन वर्षांनी ताईची गाडी दुकानात आली होती.

ताई चौपन्न वर्षांची. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. सहा दिवस त्या गाडीनं कामावर जायची आणि रविवारी तीच गाडी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर न्यायची. तिथे दोन दोन गाड्या शेजारी उभ्या राहत, हिरवा दिवा लागला की सुटत, आणि दहा-बारा सेकंदांत सगळा निकाल. तीन वर्षांपूर्वी भिंगरीनं बसवलेल्या पाइपाला आवळून धरणारी क्लॅम्प सैल राहिली होती. ऐन शर्यतीत पाणी गेलं, इंजिन जाम झालं. ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "असू दे" म्हणाली आणि पुढच्या कामाला गाडी दुसऱ्याकडे घेऊन गेली. रोज सकाळी ती त्याच्या दुकानावरून जायची, हात करायची. तो हात त्याला जास्त लागायचा.

"दुसरं कोणी हे काम घेईना म्हणून आलेय," शटरखालून वाकून आत येत ती म्हणाली होती. "उगाच फुगू नकोस."

काम होतंच तसं. तिनं इंजिनात जादा हवा कोंबणारा मोठा टर्बो बसवला होता. त्याची तापलेली हवा गार करायला भलाथोरला कूलर लागतो, आणि त्यानं गाडीचं नाक सगळं अडवलेलं. रेडिएटरला पुढे जागाच उरली नाही. तेव्हा त्याला मागे, डिकीत न्यायचा. मागच्या चाकांवर वजन आलं की सुटताना पकडही चांगली मिळते, हा वरचा फायदा.

भिंगरीनं जीव ओतला. डिकीच्या तळाला आणि झाकणाला हवेसाठी जाळ्या कापल्या. गाडीच्या पोटाखालून दोन लांब नळ्या नेल्या, एक जाणारी, एक येणारी. एवढ्या लांबून पाणी ढकलायला जादा पंप लावला, दोन पंखे लावले. प्रत्येक क्लॅम्प तीनदा आवळली. जेवताना आठवण झाली म्हणून उठून चौथ्यांदा. मग रेडिएटरचं झाकण उघडून काठोकाठ पाणी भरलं आणि इंजिन चालू केलं. तापमानाचा काटा पाव भाग चढला आणि तिथेच शहाण्यासारखा बसून राहिला.

"बघा, किती शांत आहे गाडी," बायको म्हणाली. "घ्या काहीतरी तिच्याकडून."

पण त्याला चैन पडेना. टर्बोची गाडी, आणि इतकी थंड?

रविवारी सकाळी बोचरी थंडी होती. दुकानापासून धावपट्टी पाव तासावर. ताई रांगेत आली. तिच्यापुढे दोनच जोड्या उरल्या होत्या. भिंगरी गाडीभोवती घिरट्या घालत होता. पडद्यामागे उभ्या नटाचा हात पुन्हा पुन्हा फेट्याकडे जातो, तसा त्याचा हात क्लॅम्पकडे जात होता.

"अरे, मला गरगरायला लागलं," ताई खिडकीतून म्हणाली. "काटा बघ, हलतसुद्धा नाही. छान केलंस."

हे ऐकायला तो तीन वर्षं थांबला होता. तरी त्याला नीट हसता येईना.

"फक्त हीटरचं काय केलंस?" हात चोळत ती पुढे म्हणाली. "येताना लावला तर गार वारा. बोटं आखडली माझी."

भिंगरी जागच्या जागी थांबला. हीटरमध्ये इंजिनचंच गरम पाणी फिरतं. वारा गार, म्हणजे तिथे पाणीच नाही. तो मागे धावला, डिकीत हात घातला. रेडिएटर थंडगार. पुढे धावला, बॉनेट उघडलं, इंजिनवरच्या नळीला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

सव्वीस वर्षं त्यानं रेडिएटरच्या झाकणातून पाणी भरलं होतं, कारण सव्वीस वर्षं रेडिएटर पुढे, सगळ्यात उंच जागी असायचा. आता तो डिकीत खाली बसला होता आणि इंजिनचं डोकं त्याच्यापेक्षा वर. पाणी तिथवर चढलंच नव्हतं. वर हवा कोंडली होती आणि काट्याला खबर देणारा सेन्सर नेमका त्या हवेत. काटा शांत होता, कारण त्याला काही कळतच नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांचे बुडबुडे शोधणाऱ्यानं एवढा मोठा बुडबुडा स्वतःच्या हातानं भरला होता.

तिच्यापुढची दुसरी जोडीही सुटली. रांग लावणाऱ्यानं ताईला हात केला.

गप्प राहिला असता तर? दहा-बारा सेकंदांचा तर प्रश्न. कदाचित निभावलं असतं.

तो गाडीसमोर जाऊन उभा राहिला.

"बंद कर! ताई, बंद कर!"

"डोकं फिरलं का तुझं? माझी पाळी आलीय!"

"इंजिन जाईल. माझं चुकलंय. पाणी मी चुकीच्या जागेवरून भरलंय."

मागून हॉर्न वाजायला लागले. कोणीतरी ओरडलं, "काका, नाच संपला असेल तर बाजूला व्हा!" ताईनं त्याच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

दोघांनी गाडी ढकलत कडेला घेतली. गाडी निवेपर्यंत ताई उरलेल्या जोड्या सुटताना बघत राहिली. मग त्यानं जॅक लावून गाडीचं नाक उंच केलं, इंजिनवरची नळी सोडली आणि तिथून पाणी ओतायला लागला. गळ्यात अडकल्यासारखा घरघर आवाज, भसकन हवा. पुन्हा पाणी, पुन्हा हवा. ताई कॅन पुढे करत राहिली. दीड कॅन रिकामा झाला.

"एवढी हवा?"

"एवढी."

गाडी चालू केली तेव्हा काटा चढत चढत निम्म्यावर आला. ताई दचकली.

"आता खरं बोलतोय तो," भिंगरी म्हणाला.

तिकडे शेवटची जोडी सुटून गेली. तिचा रविवार गेला होता.

"उद्या सहाला कामावर पोचायचंय मला," ती म्हणाली. "पोचेन?"

हो म्हणायला जीभ शिवशिवली. पण तो म्हणाला, "खात्री नाही. कुठेतरी थोडी हवा उरली असेल. मी बरोबर येतो, पाण्याचा कॅन घेऊन."

"आणि नंतर?"

"पाणी भरायचं तोंड पुढे, इंजिनपाशी करायला हवं. दोन दिवसांचं काम आहे. दुसऱ्या कोणाकडे दिलंस तरी त्याला एवढं सांग."

ताईनं बॉनेट लावलं आणि त्यावर दोन्ही हात टेकले.

"दुसऱ्याला कशाला सांगू? मंगळवारी आणते तुझ्याकडे. सुट्टी टाकते, मीही थांबते. पाणी मी ओतणार, तू फक्त बघायचं. एका जागी उभं राहून."

"उभं राहून?"

"बरं, फिरत फिरत," ती म्हणाली. "बस आता गाडीत."