नानांच्या करंजाचं तेल

हाताचं काळं ऑइल साबणानं निघतं हो, किस्से निघत नाहीत! शिरपूरला माझं विहिरीवरच्या डिझेल इंजिनांच्या दुरुस्तीचं गॅरेज होतं, नव्वद सालाच्या आसपास. डिझेलचा तुटवडा पडला की अख्खा तालुका शास्त्रज्ञ व्हायचा.

एकानं लग्नात भजी तळून उरलेलं तेल डिझेलमध्ये मिसळलं. मळाभर भज्यांचा वास! पाणी धरणारे गडी सारखे इंजिनापाशी येऊन बसायचे. तिसऱ्या दिवशी इंजिन ठप्प. टाकी उघडतो तर तळाला बेसनाचा गाळ आणि एक अख्खी मिरची! "अरे, गाळून तरी घ्यायचं!" म्हटलं. तो म्हणाला, "पंगतमा कोन गाळस?"

माझं जुनं गिऱ्हाईक म्हणजे नाना, त्यांचा मळा सातपुड्याच्या पायथ्याशी. बांधावरच्या करंजाच्या बियांचं तेल ते तेलाच्या घाण्यावरून काढून आणायचे आणि निम्मं डिझेलात घालायचे. थंडीत ते तेल घट्ट व्हायचं. पौषातल्या एका सकाळी गेलो, तर त्यांच्या बायकोनं, अक्कांनी, टाकीवर गोधडी पांघरलेली! "थंडी वाजस त्याले," म्हणाल्या. मग लेकराला घालावी तशी टाकीला ऊन पाण्यानं आंघोळ घातली आणि इंजिन सुरू झालं. धुक्यातला तो धकधक आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो.

त्या करंजाची सावली नानांच्या धाकट्या भावाच्या, भाऊंच्या, कपाशीवर पडायची. भाऊ म्हणे पाडू, नाना म्हणे बापानं लावलेलं झाड! शेवटी नानांनी पैज लावली, "नुसत्या तेलवर इंजिन दिवसभर चालनं तं झाड ऱ्हाई. नही चालनं तं पाडी टाक!"

लबाडी नको म्हणून नानांनी तेलाचे डबे भाऊंकडे दिले, टाकी भाऊंनीच भरायची ठरली. पंच मी. भाऊंनी कुऱ्हाड आधीच करंजाला टेकवून ठेवलेली.

इंजिन दिवसभर चाललं, एकदाही अडखळलं नाही. नाना डोळे मिटून धूर हुंगत होते. "येस ना करंजना वास?"

"येस ना, नाना!" भाऊ म्हणाले, आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून घरी गेले.

संध्याकाळी मी टाकी साफ करायला घेतली. आत नुसतं डिझेल! मी गुपचूप झाकण लावलं.

त्या दिवाळीला भाऊंच्या ओट्यावर पणत्यांची लांबच लांब रांग होती. सगळी गल्ली करंजाच्या कडू वासानं भरून गेलेली.