गळक्या गच्चीचं गाऱ्हाणं

नोकरीभर बदल्यांमागे भाड्याच्या खोल्यांत संसार केला. निवृत्तीनंतर कुडाळात घेतलेला फ्लॅट हे माझं पहिलं स्वतःचं घर. आणि दुसऱ्याच पावसाळ्यात वरच्या गच्चीचं पाणी थेट माझ्या पलंगावर! पलंग हॉलमध्ये आला, त्याच्या जागी बादली बसली. ती बादली दिसली की माझं डोकं फिरायचं.

तणतणत वकीलबाईंकडे गेले. म्हटलं, केसच घाला त्या बिल्डरवर. त्या थंडपणे म्हणाल्या, "बाई, ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर आधी बिल्डरला कळवायचं. तीस दिवसांत त्याने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा. नाही दिला, तर पुढे भरपाईचं बघू."

म्हणजे भिजायचं मी आणि संधी त्याला! धुसफुसत नोटीस पाठवली. बिल्डर फोन उचलेना.

सोसायटीच्या सत्यनारायणाला मात्र तो आला. प्रसादाला नाही म्हणायची छाती आमच्याकडे कुणाची? पूजा आटोपली आणि तळमजल्यावरचे आजोबा गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. मसुऱ्याच्या देवळात त्यांनी जन्मभर हेच केलेलं. ते सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने सांगणार आणि जमलेल्यांनी हात जोडून साथ द्यायची.

"बा देवा म्हाराजा! आमची गच्ची गळता आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"बिल्डराच्या कामात खोट रवली रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत खणखणीत आवाज बिल्डरचा. डोळे मिटलेले, हात जोडलेले. लहानपणापासूनची सवय, शब्दांकडे लक्ष कुणाचं असतं!

"म्हयन्याभरात तो ती फुकट दुरुस्त करून देतलो रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

त्याने डोळे उघडले तर अख्खी सोसायटी त्याच्याकडे बघत होती. मी तोंडात पदर कोंबला, तरी हसू फुटलंच.

"आजोबांनू, ह्या काय बरा नाय केल्यात," तो कळवळला.

"मिया काय केलंय? व्हय तर तूच म्हटलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची माणसं गच्चीवर हजर. देवासमोर हो म्हटलेलं मोडायची हिंमत त्याला झाली नाही. जुना थर उखडला, भेगा बुजवल्या, नवं वॉटरप्रूफिंग केलं. मग गच्चीवर पाणी साठवून ठेवलं आणि बिल्डर नि मी माझ्या खोलीत माना वर करून उभे राहिलो.

छत कोरडं ठणठणीत! मला इतका आनंद झाला, की माझं वय विसरून मी ती रिकामी बादली ढोलासारखी बडवली. आज पलंग आत येणार, आज मी माझ्या खोलीत झोपणार!

बिल्डरने घाम पुसला, छताकडे बघूनच हात जोडले आणि म्हणाला, "बा देवा म्हाराजा! आता बाई माझ्यार केस घालूचे नायत रे म्हाराजा!"

माझ्या हातातली बादली खाली पडली, हात आपसूक जुळले आणि तोंडातून खणखणीत निघालं, "व्हय म्हाराजा!"