दुधाच्या भुकटीचा पाऊस

बहात्तरच्या दुष्काळात एका सिनेमा दिग्दर्शकानं आणि आमच्या गावच्या सोसायटीच्या चेअरमननं मिळून मला फसवलं. मी नऊ वर्षांची होते. सौदा माझ्याशी झाला होता, चार माणसांदेखत. माझ्याकडून जे द्यायचं ते मी दिलं. त्यांच्याकडून पिण्याच्या पाण्याचा एक भरलेला टँकर यायचा होता. तो अजून आलेला नाही.

आता माझा खडीचा धंदा आहे. धाराशिव ते तुळजापूर कुठल्याही कंत्राटदाराला विचारा. माल कमी टाकला असं कुणी म्हणणार नाही. तोंड वाईट आहे असं सगळेच सांगतील. आहेच. ते कधीपासून वाईट झालं तेवढं लिहायला बसले आहे. पुन्हा पुन्हा सांगून दमले, म्हणून लिहिते.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, माळावर. बौद्धांची वस्ती गावाच्या कडेला, पंधरा-वीस घरं. त्या वर्षी मी शाळेत कमी आणि दुष्काळी कामावर जास्त असायचे. आयबरोबर खडी फोडायचे. माझा भाऊ गौतम पाच वर्षांचा. तो खडीच्या ढिगाआड बसून असायचा, रडायचासुद्धा नाही. रडायला अंगात काहीतरी लागतं.

एक दिवस वस्तीत जीप आली. चेअरमन उतरला. त्याच्या मागं खादीच्या झब्ब्यातला, चष्म्याचा एक माणूस. अगदी हळू बोलायचा. तो सिनेमा काढत होता. सरहद्दीवरचं एक गाव लढाईत जळतं, एका मुलीचं घरदार जातं, अशी गोष्ट. त्याला जळालेलं गाव पाहिजे होतं आणि त्यातली मुलं पाहिजे होती. चेअरमननं त्याला आमची वस्ती दाखवली.

आम्हा पोरांना रांगेत उभं केलं. तो माणूस एकेकाची हनुवटी वर करून बघत आला. माझ्यापाशी थांबला. बरोबरच्या माणसाला म्हणाला, "हिला मेकअप लागणार नाही. दुष्काळानं सगळं करून ठेवलंय."

बरोबरचा माणूस हसला. मेकअप म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. हसला ते कळलं.

मग त्यानं माझे हात उलटे केले. फोड फुटलेले, सालपटं निघालेली. तो बराच वेळ बघत राहिला. त्याचे डोळे खरंच ओले झाले, हे मी खोटं सांगणार नाही. म्हणाला, "हे हात बघा. युद्धात सापडलेल्या मुलीचे हात."

मी म्हणाले, "खडी फोडून झालेत."

"माहितीये गं बाळ," तो म्हणाला. "पडद्यावर कुणाला कळणार नाही."

तीन दिवस त्यांनी आमच्या वस्तीत सिनेमा काढला. एका पडक्या घराला धूर दिला. आम्हाला माळावरून चालायला लावलं, अनवाणी. अनवाणीच होतो. चौथ्या दिवशी दिग्दर्शकानं मला जवळ बसवलं. म्हणाला, आता लढाईच्या आधीचं दाखवायचंय. मुलीच्या घरी पाऊस येतो, तिची आई तिचे केस धुते, मुलगी तोंड वर करून हसते. तेवढंच तिचं बालपण.

म्हणजे असं की, लढाईचं सगळं सामान आमच्याकडं तयार होतं. ओसाड घरं, सुकलेली पोरं, फोडांचे हात. बालपण तेवढं टँकरनं आणावं लागणार होतं.

त्यानं मला लिमलेटच्या गोळ्या दिल्या. म्हणाला, "उद्या छान हसशील ना?"

मी गोळ्या परत केल्या.

"मग काय पाहिजे?"

"टँकर."

सगळे हसले. चेअरमन सगळ्यात मोठ्यानं. "लई शानी हाय की पोरगी. कुनाची गं तू?"

मी आयकडं बोट केलं. आयनं मान खाली घातली.

टँकर का, ते सांगते. टँकर यायचा सोसायटीच्या ट्रॅक्टरला जोडून, आणि रिकामा व्हायचा गावाच्या विहिरीत. विहिरीला आमचा हात चालत नव्हता. आमच्या बाया दहा पावलं लांब घागरी मांडून बसायच्या. ज्याच्या मनात येईल तो वरून ओतायचा. मनात नाही आलं तर ऊन उतरेपर्यंत बसायचं. मला एकदा, एकदाच, आय कुणाच्या तोंडाकडं न बघता घागर भरताना बघायची होती.

मी म्हणाले, "उरलंसुरलं न्हाय. एक भरलेला. आमच्या वस्तीत उभा करायचा. हिरीत न्हाय."

दिग्दर्शकाला गंमत वाटली. "चेअरमनसाहेब, देऊन टाकू. एक आम्हाला, एक हिला. शब्द दिला मी."

"तुमी म्हनताव तर देऊ," चेअरमन म्हणाला. "पण हसायला लावा तिला. फुकट पानी न्हाय आमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी खरोखर दोन टँकर आले. दोन्ही आमच्या वस्तीत उभे राहिले. एकाला इंजिन आणि पाइप लावला, पाइपाला भोकं पाडलेली. दुसरा आमचा. वस्तीतल्या बाया घरातलं असेल नसेल ते भांडं घेऊन आल्या. घागरी, डबे, तांब्ये, एक फुटकी परात. आमच्या टँकरपाशी ओळ लागली. आयची घागर पहिली. लोक माझ्याकडं बघत होते. एक म्हातारी म्हणाली, "आगं, हिनं आनला." मी त्या दिवशी जेवढी उंच होते तेवढी परत कधी झाले नाही.

"आधी आमचं होऊ द्या, मग भरा," चेअरमनच्या माणसानं बायांना सांगितलं. बाया थांबल्या. थांबायची सवय होती.

पाऊस सुरू झाला. सिनेमातली आई शहरातून आलेली होती. ती माझे केस धुवायला लागली. दिग्दर्शक म्हणाला, हस. मला हसू येईना. पाणी जमिनीत मुरत होतं आणि माझी नजर तिकडंच जायची. पुन्हा पाऊस, पुन्हा हस. असं करता करता पहिला टँकर संपला.

कॅमेरावाला म्हणाला, तसंही हा पाऊस कॅमेऱ्यात दिसत नाही. पाण्यात दूध घातल्याशिवाय धार उठून दिसणार नाही.

दिग्दर्शकानं चेअरमनकडं बघितलं. चेअरमननं जीप पाठवली. जीपमधून चार पोती आली. ती मी लांबूनच ओळखली. शाळेत आम्ही त्याच पोत्यांचं बसकर करून बसायचो, तसलीच निळी अक्षरं. त्या पोत्यांतून दुधाची भुकटी यायची, शाळेतल्या पोरांसाठी. मास्तर ती पाण्यात कालवून वाटीवाटीनं द्यायचे. दिवाळीनंतर वाटी बंद झाली. मास्तर म्हणाले होते, वरून माल आला नाही.

माल चेअरमनच्या गोदामात होता.

पाइप आमच्या टँकरला लावला. वरचं झाकण उघडून भुकटी ओतली, बांबूनं ढवळली. मी दिग्दर्शकाकडं पळत गेले. "ते आमचं पानी हाय."

"हो गं. तुला नंतर दुसरा देऊ. आता उजेड जातोय."

एवढं बोलून तो कॅमेऱ्यामागं गेला. त्याचा आवाज तेव्हाही हळूच होता.

पाऊस पडला. पांढरा. मी तोंड वर केलं आणि तोंडात दुधाची चव आली. कितीतरी महिन्यांनी. मी हसले. खरंच हसले. मनाशी ठरवलं होतं हसायचं नाही, पण जिभेनं माझं ऐकलं नाही. दिग्दर्शक ओरडला, "वा!"

त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. लाज कुणाला वाटायला पाहिजे ते कळतं, तरी वाटते.

माझं हसणं बघून, दुधाच्या वासानं, पोरं धावली. गौतम सगळ्यात पुढं. पोरं पाइपाखाली तोंड उघडून उभी राहिली, जमिनीवरचं चाटायला लागली. चेअरमनचा माणूस काठी घेऊन आला. तांब्याचं जाड कडं घातलेला त्याचा हात मी कधी विसरणार नाही. कुणाच्या पाठीवर, कुणाच्या पायावर. गौतमनं डोक्यावर हात घेतला, काठी कोपरावर बसली. आवाज झाला. वाळकं लाकूड मोडल्यासारखा.

मी दिग्दर्शकाकडं बघितलं. तो मोठा माणूस होता, सगळे त्याचं ऐकत होते. तो म्हणाला, "चालू ठेवा. चालू ठेवा."

कॅमेऱ्याला म्हणाला.

उजेड गेला, ते सामान आवरून गेले. जाताना दिग्दर्शक चेअरमनला म्हणाला, "त्या मुलीच्या टँकरचं बघा बरं का." चेअरमन म्हणाला, "बघू की." पुढचा टँकर आला तो विहिरीतच गेला.

वस्तीत पांढरा चिखल होता. बायांनी रिकाम्या घागरी उचलल्या. आयनं गौतमच्या कोपराला फडकं बांधलं, मग आमची घागर उपडी करून दाराशी ठेवली. मला म्हणाली, "हसलीस कशाला गं?"

 

मधल्या वर्षांचं सांगण्यासारखं फार नाही. खडी फोडणारी मी खडी विकायला लागले. पहिल्यांदा गाढवांवर, मग ट्रॅक्टरवर. कुणाच्या शब्दावर माल सोडत नाही, कितीही मऊ बोलणारा असला तरी. मऊ बोलणारा असला तर मुळीच नाही. गौतम फौजेच्या भरतीला गेला होता. कोपर सरळ होत नाही म्हणून उघड्या अंगानंच रांगेतून बाजूला काढला.

मग एक दिवस धाराशिवच्या एका कॉलेजातले प्राध्यापक खडीच्या अड्ड्यावर आले. त्यांचं सिनेमा बघणाऱ्यांचं मंडळ होतं. म्हणाले, तुम्ही लहानपणी ज्या सिनेमात होता त्याला परदेशात बक्षिसं मिळाली आहेत, आपण तो दाखवतोय, दिग्दर्शक येणार आहेत, तुमचा सत्कार करायचाय. तोवर मी तो सिनेमा बघितला नव्हता. गौतमला घेऊन गेले.

हॉल भरलेला. स्टेजवर दिग्दर्शक, केस पांढरे झालेले. शेजारी आमचा चेअरमन. आता तो कॉलेजच्या कमिटीवर होता.

सिनेमा संथ होता. वारा, धूर, नुसतं दार उभं राहिलेलं घर. आमच्या वस्तीतलं, धूर दिलेलं. माझे हात पडद्याएवढे मोठे. त्यात मी एकदाच बोलते, "आई, पाऊस." आवाज दुसऱ्याच मुलीचा, शहरातला. माझ्या तोंडात तिचा आवाज. मी घरी आयला आय म्हणायचे.

मग पांढरा पाऊस आला. मी हसले. मागच्या खुर्चीवरची बाई म्हणाली, "किती निरागस हसतेय." आणि त्यानंतर लढाई. पोरं अन्नासाठी धावतात, शिपाई त्यांना मारतो. शिपायाचं तोंड दाखवलेलं नाही. नुसती काठी आणि कडं घातलेला हात. आणि कोपर धरून खाली बसलेला गौतम. हॉलमध्ये लोक रडत होते. माझ्या शेजारी गौतम स्वतःलाच बघत होता. तो म्हणाला, "ताई, हे खरंच ठिवलं व्हय गं ह्यांनी?"

दिवे लागले. प्राध्यापक बोलले. पांढरा पाऊस म्हणजे आईचं दूध, हरवलेलं बालपण, अशी कविता पडद्यावर क्वचितच उमटते. मग माझं नाव पुकारलं. चेअरमन शाल उघडून उभा राहिला.

मी म्हणाले, "शाल राहू द्या. तो पाऊस दुधासारखा न्हवता. दूधच होतं. शाळेतल्या पोरांचं. ह्यांच्या गोदामातनं आलेलं."

टाळ्या वाजायच्या राहिल्या. मी गौतमला उभं केलं, त्याच्या सदऱ्याची बाही वर केली. "हा शिपायानं मारलेला पोरगा. काठी कुनाच्या मानसाची होती ते चेअरमनसाहेबांला विचारा."

चेअरमन हसत म्हणाला, "बाई, जुनं हाय ते. आता तुमी मोठ्या झालाव. कशाला उकरून काढताव?"

मी दिग्दर्शकाकडं वळले. त्याचे डोळे पुन्हा ओले होते. म्हणाला, "मी ते थांबवायला हवं होतं. पण त्या दृश्यामुळंच लोकांना कळलं, युद्ध मुलांचं काय करतं."

"कोनतं युद्ध?" मी विचारलं. "आमच्याशी कोन लढत होतं, ते सांगा."

तो चष्मा पुसत राहिला. प्राध्यापक माइकपाशी आले आणि चहाची व्यवस्था बाहेर आहे असं म्हणाले. लोक उठले. चहा घेतला त्यांनी. शाल खुर्चीवर पडून होती, मी तिला हात लावला नाही.

जाता जाता त्या मंडळाच्या पोराला पाट्या पुन्हा दाखवायला लावल्या. सिनेमाच्या शेवटी नावं येतात ना, त्या. त्यात लिहिलंय, पाण्याच्या सोयीबद्दल सोसायटीचे आभार. आमच्यासाठी दोन शब्द आहेत, "आणि गावकरी."

तेव्हापासून हा सिनेमा जिल्ह्यात कुठंही लागला की मी जाते. गौतमला नेते. पहिल्या रांगेत बसतो. पांढरा पाऊस आला की दोघं उठून उभे राहतो, आणि मी सांगते हा पाऊस कशाचा आहे. मागचे ओरडतात, खाली बसा म्हणून. काही ठिकाणी बाहेर काढलंय. दमते, वय झालं. तरी जाईन.

टँकर मला आता नको. आय गेली, तिची घागर गेली. मला त्या पाट्यांमध्ये लिहून पाहिजे. भुकटी कुणाची होती. पोरं कुणाची होती. कडं घातलेला हात कुणाचा होता, आणि कोपर कुणाचा मोडला. ज्यांनी तो सिनेमा विकला, ज्यांनी बक्षिसं घेतली, ज्यांनी तो बघून डोळे पुसले आणि चहा घेतला, त्यांतलं कुणीही लिहावं. आणि ज्यानं "चालू ठेवा" म्हटलं, त्यानं आमच्या वस्तीत यावं, गौतमसमोर बसावं आणि सांगावं की नऊ वर्षांच्या पोरीला दिलेला शब्द त्यानं का मोडला. मी दारात बसून आहे. उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही.