बरं होण्याची प्रार्थना
परवा मेट्रोत शेजारच्या बाईने कपाळाला बाम चोळला आणि त्या वासाने मला आमचं दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर आठवलं. यजमानांचा आजार शेवटाला आला होता. मी त्यांच्या पायांना बाम चोळत होते. ते म्हणाले, "अगं, आज चर्चची माणसं आली की सांग, बरं होण्याची प्रार्थना आता पुरे. मला शांतपणे जाऊ दे, एवढंच देवाकडे मागा म्हणावं. नाहीतर बसशील गप्प, तुझं ठाऊक आहे मला." मी "सांगते" म्हटलं. दुपारी पास्टरजी दहाबारा जणांना घेऊन आले. मी पाणी दिलं, चहा दिला, पण एवढ्या शिकलेल्या माणसांपुढे यांचा निरोप सांगायचं मला धाडस झालं नाही. "हिम्मत रखो भाईसाहब, प्रभु आपको चंगा करेगा," म्हणत पास्टरजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळे मोठमोठ्याने आरोग्य मागू लागले. यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्यांबरोबर हळूच "आमेन" म्हणाले. त्यानंतर तीन आठवडे ते तळमळत होते, मग गेले. देव सगळ्याची क्षमा करतो, असं पास्टरजी दर रविवारी सांगतात, पण त्या दुपारचं मी त्यांनाही अजून सांगू शकलेले नाही.